पाय नागपुरात, अंतर हैदराबादचे

दिवाळी झाली की नागपुरात संध्याकाळ भराभर आखडते. जूनमध्ये सातपर्यंत रेंगाळणारा उजेड नोव्हेंबरच्या अखेरीस साडेपाचलाच आटोपतो आणि कामावरून सुटलेल्या माणसाच्या वाट्याला अंधारातलाच रस्ता येतो. अशा दिवसांत व्हर्च्युअल धावण्याचे आव्हान घेणारे लोक आता शहरोशहरी आहेत. एखादे लांबचे अंतर ठरवायचे, ते आपल्याच गावात तुकड्यातुकड्याने पुरे करायचे, रोजची भर मोबाईलवरच्या अ‍ॅपने टिपायची आणि शेवटी पदक घरपोच यायचे, असा हा प्रकार. समजा, कुणी नागपूर ते हैदराबाद ठरवले. झिरो माईलच्या स्तंभावर हैदराबादचे अंतर 318 मैल कोरलेले आहे, म्हणजे पाचशे किलोमीटरच्या थोडे वर. रोज पाच किलोमीटर धरले तर शंभरेक दिवसांचे काम. नकाशावरचा ठिपका बुटीबोरी, हिंगणघाट, पांढरकवडा असा सरकत पैनगंगा ओलांडतो, पाय मात्र फुटाळा तलावाच्या काठानेच येरझारा घालत असतात. याकडे निव्वळ आरोग्याची बाब म्हणून पाहता येईल. पण यात एक जुना धार्मिक प्रश्न दडलेला आहे: जिथे पोचायचेच नाही, त्या ठिकाणाच्या नावाने केलेल्या कष्टांना अर्थ असतो का?

नाही म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे आणि तिचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातला आहे. मार्च 1951 मध्ये विनोबा पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. अंतर सुमारे 300 मैल, महिन्याभराची चाल. संमेलनानंतर ते तेलंगणात फिरत राहिले आणि 18 एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीन हरिजनांनी त्यांच्याकडे जमीन मागितली. विनोबांनी तो प्रश्न गावापुढे ठेवला आणि रामचंद्र रेड्डी यांनी उठून 100 एकर देऊ केले. भूदान तिथे जन्मले. तेवढेच 300 मैल विनोबा पवनारच्या आश्रमाभोवती चालले असते, तर त्यांच्याकडे जमीन मागायला कोण आले असते? पायी जाण्याचे सारे पुण्य वाटेवरच्या माणसांत असते. नर्मदेच्या परिक्रमावासीयाला अनोळखी घरातून शिधा मिळतो, वारकऱ्याला मुक्कामाचे गाव पाणी देते. नकाशावरच्या ठिपक्याला हिंगणघाटात कुणी थांब म्हणत नाही.

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. व्हर्च्युअल धाव ही यात्रा होऊ शकत नाही आणि तिला ते नाव देणे हा यात्रेचा अवमान आहे. 2020 साली महामारीमुळे आषाढी वारी थांबली, तेव्हा संतांच्या पादुका एसटीने पंढरपुराला नेल्या गेल्या. वारी पायी झाली नाही, हे दुःख कुणी लपवले नाही आणि बसच्या प्रवासाला कुणी पायी वारी म्हटले नाही. तोच प्रामाणिकपणा इथेही हवा. पण यात्रा नाही म्हणून काहीच नाही, हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. आपल्या परंपरांत पायांना कुठेही न नेणारी साधनाही आहे, आणि ती यात्रेइतकीच जुनी आहे.

दीक्षाभूमीच्या शहराला तिचा दाखला परका वाटू नये. बौद्ध परंपरेत चंक्रमण आहे: ठरावीक लांबीच्या वाटेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. बुद्धगयेला महाबोधी मंदिराच्या उत्तर अंगाला एक लांबट ओटा आहे. संबोधीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात बुद्ध तिथे येरझारा घालत होते, असे परंपरा मानते. त्यांच्या पावलांच्या जागी दगडी कमळे बसवलेली आहेत. जगातल्या एका महान धर्माने आपल्या संस्थापकाच्या चालण्याची स्मृती अशा जागी जपली, जिथून तो कुठेच गेला नव्हता. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबच्या प्रवासाची ताकद येते, परिश्रमाची क्षमता वाढते, प्रकृती निरोगी राहते, खाल्लेले पचते आणि चालताना मिळवलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पहिले चार लाभ कुठलाही व्यायामशिक्षक सांगेल. पाचवा मात्र साधकाचा आहे, आणि तो शरीराच्या लाभांच्या पंगतीतच बसवलेला आहे. एकाच जागी फिरणे मन घडवू शकते, हे इथे गृहीतच आहे.

म्हणून या धावेला मी व्रतांच्या घरात बसवतो. व्रताला लागतो संकल्प, काळाची मर्यादा आणि रोजचा नेम. पूजेच्या संकल्पात गुरुजी तिथी-वाराबरोबर आपण गोदावरीच्या कुठल्या तीरावर आहोत तेही उच्चारायला लावतात; नागपूरकराने उत्तर तीर म्हणायचे. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. जिथे बसला आहात तिथूनच आरंभ करा, असे ती बजावते. काळोख्या दिवसांची निवडही नवी नाही. कार्तिकातला काकडा पहाटेच्या अंधारात होतो, आकाशकंदील याच महिन्यात टांगला जातो, परिक्रमाही चातुर्मास सरल्यावर उचलली जाते. उजेड कमी होतो तेव्हा नेमाची गरज वाढते, हे आपल्या पंचांगाने केव्हाच ओळखले आहे.

यावर कुणी म्हणेल, व्रताच्या मागे देव असतो, इथे तर आकडा आणि पदक आहे. पण आकड्याला भक्तीने कधी नाकारले? जपमाळेला 108 मणी आहेत, कोटी जपाचे संकल्प वह्यांत नोंदवले जातात. मोजणी मनाला धरून ठेवते. ती अपायकारक होते ती दुसऱ्याच्या मोजणीशी तुलना सुरू झाली की. म्हणून अ‍ॅपवरच्या क्रमवारीचा पाट मला व्रताच्या चौरंगाजवळ नको वाटतो. पदकाचे तसे नाही. उद्यापन करून व्रताची सांगता करण्याची रीत आपल्याकडे आहेच. फोन स्कूटीवर ठेवून अंतर वाढवता येते, हा आक्षेपही मी ऐकून घेतो. पण उपास मोडून न मोडल्याचे सांगणे त्याहून सोपे आहे, आणि तेवढ्यावरून उपास खोटा ठरत नाही. साक्षीदार नसलेल्या नेमातच माणसाची स्वतःशी गाठ पडते.

एक गोष्ट मात्र या मांडणीला खरोखर अडवते. अंधार सर्वांना सारखा नसतो. साडेसहाला ओस पडलेल्या रस्त्यावर पुरुष ज्या निर्धास्तपणे धावतो, त्या निर्धास्तपणे बाईला धावता येत नाही, आणि तिच्या खंडाला निश्चयाचा अभाव म्हणणे क्रूरपणाचे आहे. व्रताच्या शास्त्राने यथाशक्तीची मुभा दिली ती अशाच वेळेसाठी. गच्चीवरच्या फेऱ्या, पहाटेची धाव, सोबतीने काढलेले दोन किलोमीटर, हे सगळे त्याच संकल्पात बसते.

तेव्हा शंभर दिवसांनी ठिपका हैदराबादला टेकेल, त्या दिवशी मी हैदराबादला धावत गेलो असे सांगू नका. हिवाळाभर रोज नागपुरात धावलो, एवढेच सांगा. आणि जमल्यास एकदा खरोखरच पवनारपर्यंत पायी जा. वाटेत कुणीतरी पाणी विचारेलच.