गाणें कोणाचें?

कलाकृति कर्त्याच्या हातून सुटली म्हणजे तिचें स्वामित्व कोणाकडे जातें? कायदा याचें उत्तर चटकन् देतो. आमचें मन मात्र तें देतांना अडखळतें.

अमेरिकन कवि-गायक बॉब डिलन यानें १९६७ सालीं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' हें गीत रचून गाइलें. विदूषक व चोर यांचा त्रोटक संवाद, तीन कडवीं, साधी गिटार व हार्मोनिका. अडीच मिनिटांत सारें समाप्त. पुढच्याच वर्षीं जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकानें तेंच गीत ध्वनिमुद्रित केलें. शब्द तेच, परंतु मूळ गीतांत ज्या संकटाची दुरून चाहूल लागते, तें हेंड्रिक्सच्या विजेच्या गिटारींतून जणूं दारावर येऊन आदळलें. पुढें नील यंग, 'यू-टू' इत्यादि अनेकांनीं तें गाइलें.

१९७० सालीं, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, हेंड्रिक्स वारला. १९७४ पासून डिलन हें गीत जाहीर मैफलींत गाऊं लागला, तो बऱ्याच अंशीं हेंड्रिक्सच्याच वळणानें! दोन हजारांहून अधिक वेळां त्यानें तें गाइलें आहे. आणि गातांना आपण हेंड्रिक्सला आदरांजलि वाहत आहों असें वाटतें, ही कबुलीही त्यानें दिली आहे.

कोणी म्हणेल, यांत डिलनचें काय वेंचलें? हेंड्रिक्सच्या तबकड्या खपल्या तरी रचनाकाराचा हिस्सा त्याचाच. आक्षेप खरा आहे. बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेनें १९५२ सालीं 'हाउंड डॉग' प्रथम ध्वनिमुद्रित केलें. १९५६ मध्यें एल्व्हिस प्रेस्लीनें तें जगभर गाजविलें. थॉर्नटनला, तिच्याच सांगण्याप्रमाणें, एकूण ५०० डॉलर मिळाले. गीत दुसऱ्यांनीं रचलेलें. तेव्हां त्याला जीव देणाऱ्या आवाजावर कायद्यानें तिचा हक्क मानला नाहीं.

म्हणून आम्हांस वाटतें, स्वामित्व हा एक प्रश्न व ऋण हा दुसरा. पहिल्याचा निकाल न्यायालय देतें. दुसऱ्याचा ज्याचा त्यानें द्यावयाचा असतो. आमच्याकडे गुरूचें नांव घेतांना गवई कानाच्या पाळीला हात लावतो. डिलननें जणूं तोच हात, स्वतःचेंच गाणें गातांना, आपल्याहून धाकट्यासाठीं उचलला. नुसत्या कानाला हात लावण्यानें कोणाचें पोट भरत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ऋण आठवल्यावांचून तें फेडण्याची बुद्धि तरी कोणास व्हावी?