कामिरीथूचे रंगपीठ
नैरोबी विद्यापीठात साहित्य विभागाचे प्रमुख असलेले गूगी वा थिओंगो यांनी १९७७ साली गूगी वा मिरी यांच्यासह गिकुयू भाषेत लिहिलेले नाटक लिमुरूजवळच्या कामिरीथू गावातील शेतकरी-कामगारांनी उभे केले, तेव्हा त्यांनी तालमींत संहितेतील भाषा सुधारली आणि खुले रंगमंदिरही स्वतःच बांधले. विद्यापीठाच्या वर्गात इतके खरे अध्यापन क्वचितच घडत असेल. गूगींची इंग्रजी कादंबऱ्यांतील टीका खपवून घेणाऱ्या सरकारने काही आठवड्यांतच प्रयोगांचा परवाना रद्द केला आणि वर्षअखेरीस त्यांना स्थानबद्ध केले, म्हणजे खटला न चालवताच तुरुंगात ठेवले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांना सद्विवेकबंदी, म्हणजे केवळ मतांपायी डांबलेली व्यक्ती, मानले. कोठडीत शौचालयाच्या कागदावर त्यांनी गिकुयू कादंबरी लिहिली. सुटकेनंतर विद्यापीठातील पद मात्र त्यांना परत मिळाले नाही.