तेरा हजार हंडे

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात फेब्रुवारी सरता सरता आड तळाला गेला. मग खालच्या ओढ्यातली विहीर. मायलेकी रोज सहा हंडे आणत. आईची मान धरलेली असे, आठवीतल्या मुलीचा पहिला तास बुडे. या खेपांना किती वेळ जातो, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. त्याला पैसे पडत नव्हते.

आडाच्या वरच्या अंगाला, त्याचंच पाणी ओढणारे बोअर होते. त्यातला एक मुलीच्या वडिलांचा. एकरभर उन्हाळी कांदा त्यावरच उभा. शेत लांब, वीज रात्रीची, म्हणून घरात पाणी आडाचं.

शाळेची सहल हिवरे बाजारला गेली. पाऊस तिथंही जेमतेमच. पण 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, लोकांनी श्रमदानानं डोंगरावर चर खोदले, बंधारे घातले. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, असं गावानंच ठरवलं. पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला. उरेल त्यावर पिकं.

घरी येऊन मुलीनं वही उघडली.

“अण्णा, एकराला पाच सेंटिमीटर पाणी दिलं, तर एका पाळीला दोन लाख लिटर जातं. आपला हंडा पंधरा लिटरचा. तेरा हजारांवर हंडे झाले. आई आणि मी रोज सहा आणतो. म्हणजे सहा वर्षांचं पाणी.”

वडिलांनी वही दोनदा वाचली.

“मग कांदा करूच नाही का?”

“करा की. पण आधी आडाचं ठरवा.”

ती वही त्यांनी ग्रामसभेत वाचून दाखवली. भांडणं झाली, त्या वर्षी काही ठरलं नाही. पुढच्या वर्षी वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी कांदा निम्म्यावर आणला. पैसे कमी आले, ते सगळ्यांनाच जाणवलं. आड मात्र एप्रिल संपेपर्यंत पुरला, आणि मुलगी पहिल्या तासाला वर्गात बसू लागली. मे महिन्यात खेपा पुन्हा सुरू झाल्या. त्या थांबवायला डोंगरावर चर हवेत, आणि ते काम अजून व्हायचं आहे.

तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मागा. तो मांडायला हंडा उचलणाऱ्या बायका-मुलींना पुढे बसवा.