रक्त, घर आणि दोष

मनोविकारतज्ज्ञ आणि न्यायदर्शनाचा अभ्यासक यांच्यातील पुढील संवाद स्किझोफ्रेनियाविषयी, म्हणजे भास, भ्रम आणि विचारांतील विस्कळीतपणा ही लक्षणे असणाऱ्या आणि बहुधा ऐन तारुण्यात सुरू होणाऱ्या विकाराविषयी आहे. ‘आजार रक्तातून आला की आमच्या वागण्यातून?’ असे रुग्णाच्या आईवडिलांनी विचारले, तर डॉक्टरने काय सांगावे, हा त्यातील पेच आहे.

अभ्यासक: या विकाराची आनुवंशिकता सुमारे 80 टक्के मानली जाते. मग चार हिस्से रक्ताचे आणि एक परिस्थितीचा, असे सांगून मोकळे का होऊ नये?

तज्ज्ञ: कारण तो आकडा एका रुग्णाविषयी नाहीच. एखाद्या लोकसमूहात विकाराच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक आढळतो, त्यापैकी जनुकीय भेदांशी जोडता येणारा भाग म्हणजे आनुवंशिकता. एकाच्या आजाराची वाटणी तिच्यातून निघत नाही. एकाच फलित अंड्यातून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरा त्यातून सुटतो. उलट 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये उपासमार झाली आणि ती शिगेला असताना गर्भात आलेल्यांमध्ये पुढे या विकाराचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. तरीही त्यांतील बहुतेक जण या विकारापासून मुक्तच राहिले.

अभ्यासक: म्हणजे ही कारणसामग्री झाली, कार्य घडण्यास लागणाऱ्या सर्व कारणांचा समुच्चय, त्यातील एक अंग उणे पडले की कार्य घडत नाही.

तज्ज्ञ: तसे असते तर सोपे होते. येथे कोणतेही एक ज्ञात अंग अपरिहार्य नाही: कोणाच्या घराण्यात आजार आहे, कोणाच्या नाही, कोणी किशोरवयात गांजा ओढलेला असतो, कोणी आयुष्यात कधीच नाही.

अभ्यासक: नैयायिकांचा तृणारणिमणिन्याय येथे लागू पडावा. अग्नी गवतापासून होतो, अरणी म्हणजे घासायच्या लाकडापासून होतो आणि सूर्यकिरण एकवटणाऱ्या मण्यापासूनही. आणि त्यावर त्यांचे एक उत्तर असे की ते अग्नीच मुळात वेगवेगळ्या जातींचे असतात.

तज्ज्ञ: ‘स्किझोफ्रेनिया’ या एका नावाखालीही अनेक विकार असावेत, असा संशय मनोविकारशास्त्रात जुना आहे. परंतु आईवडिलांना त्याचे काय? त्यांना निर्दोषत्व हवे असते, आणि ते नाकारण्याची घाई करण्यापूर्वी इतिहास आठवावा. 1948 मध्ये मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी हा विकार घडवणाऱ्या आईची कल्पना मांडली आणि पुढे कित्येक वर्षे असंख्य मातांनी तो कलंक वाहिला, तोही भक्कम पुराव्याविना.

अभ्यासक: तरी आज डॉक्टरच घरच्यांना टोकणे कमी करायला सांगतात.

तज्ज्ञ: ते आजार उलटू नये म्हणून. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सतत टीका, वैर किंवा भावनिक अतिगुंतवणूक असलेल्या घरी परतलेला रुग्ण पुन्हा आजारी पडण्याचा संभव अधिक असतो. आजार सुरू होण्याचे कारण आणि तो उलटण्याचे कारण एकच असेल असे नाही. शिवाय टीकेची अशी घरे सगळीकडे सारखी नसतात: चंदीगडमध्ये झालेल्या अशाच अभ्यासात ती लंडनपेक्षा बरीच कमी आढळली.

अभ्यासक: हा भेद ग्रंथात टिकतो, घरात टिकत नाही. ‘टीका कमी करा’ याचा अर्थ ‘तुमच्यामुळे झाले’ असाच ऐकू येतो. आणि सर्वांना निर्दोष ठरवणेही खरे कोठे आहे? बालपणीचा छळ आणि पुढील मनोविकृती यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो.

तज्ज्ञ: दिसतो, परंतु तो संबंध संभव वाढवण्याचा आहे, याच मुलाला यामुळेच झाले, असे त्यावरून म्हणता येत नाही.

अभ्यासक: मग जेथे मारहाण खरोखर झाली, तेथे आईवडिलांना दिलेला दिलासा शेजारी बसलेला रुग्णही ऐकत असतो, आणि त्याला तो आपली साक्ष पुसली गेल्यासारखा वाटतो.

तज्ज्ञ: अशा घरी ‘आजार कशामुळे?’ आणि ‘त्याच्यावर अन्याय झाला का?’ हे प्रश्न वेगळे करावे लागतात. पहिल्याचे उत्तर अनिश्चित राहिले, तरी दुसऱ्याचे होकारार्थी उत्तर रुग्णाच्या समोरच द्यावे लागते.