कोरी जागा कोणाची?



सवाल साधा आहे. कागदावर जे नाही ते जमिनीवर नसतंच का? आणि कागदावर जे आहे ते तसंच्या तसं खरं मानायचं का? हा सवाल पंडितांच्या बैठकीतला नाही. तहसील कचेरीत, वनखात्याच्या फाटकावर, ग्रामसभेत तो रोज विचारला जातो. त्याचं उत्तर चुकलं तर कोणाचं तरी घर पडतं. म्हणून आपण कार्यकर्त्यांनी तो नीट सोडवला पाहिजे. नुसत्या घोषणेनं तो सुटत नाही.

मेळघाटचा १९५० च्या दशकातला नकाशा समोर घ्या. सर्वेक्षण खात्याचा, एका इंचाला एक मैल. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रदेशात होतं. मुंबई राज्यात ते आलं १ नोव्हेंबर १९५६ ला, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अठराव्या दिवशी. नकाशात डोंगराच्या तपकिरी रेघा आहेत, नद्यांच्या निळ्या रेघा आहेत, जंगलाचा हिरवा रंग आहे. साहेबाच्या मुक्कामाचा बंगला आहे, पोलीस चौकी आहे, डाकघर आहे. गावं म्हणजे बारीक ठिपके. बाकी सारं हिरवं. पाहणाऱ्याला वाटावं, इथं झाडं राहतात आणि मधूनमधून चुकून माणूस राहतो.

आता त्या हिरव्या रंगात काय नाही ते पहा. मोहफुलं कोण कुठं वेचतं ते नाही. गुरं कोणत्या वाटेनं पाण्यावर जातात ते नाही. मेलेल्या माणसांच्या नावानं कोरकू लोक कोरीव लाकडी खांब उभे करतात, ते कुठं आहेत ते नाही. सिपना नदी मात्र आहे. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. नाव घेतलं, नाव ठेवणारा वगळला.

हे काहून झालं? नकाशा काढणारा दुष्ट होता म्हणून नाही. नकाशा त्याच सवालाचं उत्तर देतो, जो पैसे देणाऱ्यानं विचारलेला असतो. सरकारचा सवाल होता: साग किती, कुठं, आणि बाहेर काढायला रस्ता कुठून? १८७८ च्या वन कायद्यानं जंगलाचे वर्ग पाडले. राखीव जंगलात ज्याची परवानगी दिलेली नाही ते सारं मना, असा त्याचा अर्थ. मग वनखात्याचे नकाशे निघाले, कंपार्टमेंटचे आकडे पडले, कूप ठरले. कोणत्या साली कोणत्या कूपावर कुऱ्हाड पडायची आणि माल परतवाड्याच्या डेपोत कधी यायचा, हे त्या कागदावरून सांगता येतं. ती कुऱ्हाड कोणाच्या हातात होती, त्याला मजुरी किती मिळाली, हे सांगता येत नाही.

नकाशा करणाऱ्यांचीही तीच गत. १८०२ मध्ये मद्रासकडून सुरू झालेली देशाची मोठी मोजणी विल्यम लॅम्बटननं चालवली. तो १८२३ मध्ये आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला मेला. तिथं त्याची कबर आहे. ज्या खलाशांनी त्याच्या साखळ्या आणि लोखंडी यंत्रं डोंगरावर चढवली, त्यांची कबर शोधून दाखवा.

आता घाट उतरून खाली या. अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीत दुसरा नकाशा भेटतो, गावनकाशा. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड हातात घेतलं. पुढं शेतं मोजली, सर्व्हे नंबर पाडले. सवाल होता साऱ्याचा. ज्याच्याकडून सारा यायचा त्याच्या धुऱ्याची रेघ अचूक. गावठाण मात्र मधला एक डाग. त्याच्या आत घरं नाहीत. महारवाडा कोणत्या अंगाला, मांगवाडा किती दूर, वारा कुणीकडून कुणीकडं, काहीच नाही.

विहिरीचं पहा. मोजणीच्या शीटवर विहिरीला एकच खूण. पाटलाच्या विहिरीला तीच, सरकारी विहिरीला तीच. परक्या माणसाला वाटावं, या देशात तहान लागली की कोणीही जावं आणि पाणी प्यावं. देवळालाही एकच खूण. पण १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाच्या हक्कासाठी परिषद भरवावी लागली आणि तिला बाबासाहेब अध्यक्ष म्हणून आले. पुढं १९२८ ते ३० या काळात डॉ. पंजाबराव देशमुख जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होते, तेव्हा सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या गेल्या. आता सांगा, विहीर खुली व्हायच्या आधी नकाशावरची खूण कोणती? आणि नंतरची कोणती? खूण तीच. जग बदललं, पण नकाशाला पत्ता लागला नाही.

कोणी म्हणेल, बरंच झालं की! नकाशानं जात पाहिली नाही, म्हणजे तो समतावादी झाला. नाही मित्रा. जिथं दोर ओढायला बंदी आहे तिथं सर्वांची विहीर दाखवणं ही समता नव्हे. जात मोडणं वेगळं आणि जात न दिसणं वेगळं. आजही शहरातला शिकलेला माणूस म्हणतो, मला जात दिसत नाही. त्याचा आणि त्या शीटचा डोळा एकाच कारखान्यातला.

मग काही पोरं उसळून म्हणतात, "असले नकाशे कायले पाहिजेत? जाळून टाका." राग खरा आहे. पण जाळण्याआधी वनहक्क कायदा २००६ वाचा. त्यात आदिवासीनं १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा. जो आदिवासी नाही पण पिढ्यानपिढ्या जंगलात राहतो, त्यानं त्याच तारखेआधी तीन पिढ्या दाखवायच्या. एक पिढी पंचवीस वर्षांची. म्हणजे पंचाहत्तर वर्षं, म्हणजे १९३०. मेळघाटातला बलई घ्या, बौद्ध घ्या, गवळी घ्या, सारे या दुसऱ्या रांगेत. १९३० साली त्याचा आजा कोणत्या कागदावर असणार? सात-बारा नाही, शाळेचा दाखला नाही. पण त्या काळच्या शीटवर त्याच्या गावाचा ठिपका असू शकतो. जुना नकाशा जाळला तर आपलाच साक्षीदार जळतो. तो साहेबाच्या नोकरीतला साक्षीदार आहे, अर्धंच बोलतो, हे खरं. पण उलटतपासणी घेतली तर कामाचं बोलतो.

याच कायद्याच्या नियमांतला पुराव्यांचा तेरावा नियम प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. पुरावा म्हणून काय चालतं? गॅझेटियर, शिरगणती, मोजणीचे अहवाल, नकाशे, उपग्रहाची छायाचित्रं. आणि त्याच यादीत घर, झोपडी, विहीर, दफनभूमी, पवित्र जागा. आणि म्हाताऱ्या माणसांचं लेखी घेतलेलं सांगणं, दावेदार सोडून दुसऱ्यांचं. म्हणजे मोजणी खात्याचं शीट आणि अंगठा लावणारी म्हातारी, दोघं एकाच यादीत बसले. या देशात हे लहानसहान नव्हे.

मात्र इथं फसू नका. म्हातारं माणूस म्हणजे सत्य असंही नाही. तेही गावातलंच. गावकीचा म्हातारा सांगू शकतो, "हे लोक तर काल-परवा आले." त्याच्या आठवणीतही महारवाडा कोरा असू शकतो. म्हणून नियम सांगतो, एकाहून जास्त पुरावे पहा. बुद्धानं कालामांना हेच सांगितलं होतं. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, परंपरेनं आलं म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. नकाशा ही सरकारची पोथी. आठवण ही गावाची पोथी. दोन्ही तपासा.

इथपर्यंत सोपं आहे, कारण इथपर्यंत दोष दुसऱ्याचा आहे. आता अवघड भाग येतो.

भूमिहीन म्हणून आपणही नकाशा घेऊन निघतो आणि कोरी जागा शोधतो. त्याला आधार आहे. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी वेगळ्या गावांची मागणी झाली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेबांनी वसाहत आयोग मागितला आणि पडीक जमिनीवर नवी गावं मागितली. म्हणजे नकाशावर आमची जागा सुधारून द्या, एवढीच ती मागणी नव्हती. नवा ठिपका मागितला होता. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखांवर माणसं तुरुंगात गेली. आपल्या वऱ्हाडात ई-क्लासच्या जमिनीवर किती बाया-माणसांनी धसकटं उपटून शेतं केली, ते सांगायला नको. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं सरकारनं ठरवलं, आणि तरीही अनेकांच्या हाती अजून पट्टा नाही.

पण पडीक हा शब्द कोणाचा? तोही त्याच मोजणीदाराचा. सारा येत नाही ती पडीक. ज्या माळावर आपण नांगर घालू म्हणतो तिथं एखाद्या धनगराच्या मेंढ्या चरत असतील, एखादा फासेपारधी बिऱ्हाड टाकत असेल. ज्या हिरव्या रंगात आपण गाव मागू तिथं कोरकूची वाट असेल. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला तेव्हा सरकारनंही नकाशाच पाहिला. नंतर बोरी, कोहा, कुंड ही गावं उठवून खाली अकोटकडं आणली. वाघासाठी कोरी जागा हवी होती, ती माणसं काढून केली. आपणही त्याच नजरेनं पाहिलं तर सर्वेक्षण साहेबात आणि आपल्यात फरक काय राहिला?

म्हणजे मागणी सोडायची का? नाही. जमिनीशिवाय गावाची गुलामी सुटत नाही आणि पोट भरलेल्यांनी भूमिहीनाला नीती शिकवू नये. शेकडो एकर सोडून दोन एकरांवर बोट ठेवणाऱ्यांचा डाव आपण ओळखतो. दलित आणि आदिवासी एका तुकड्यावर भांडले की मोठ्या खातेदाराची रेघ सुखरूप राहते. म्हणूनच आपली कसोटी त्यांच्याहून कडक पाहिजे. कोरी जागा दिसली की पहिला सवाल: इथून कोण चालतं? तो माणूस बैठकीत आहे का? नसेल तर त्याला आणा, मग रेघ मारा. ज्याला वगळलं जाऊ शकतं तो हजर असताना काढलेला नकाशाच न्यायाचा. बाकी सारे मालकीचे.

हे हवेतलं नाही. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीरला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. कागदावर तिथं जंगल होतं, जमिनीवर बोडकी टेकडी होती. लोकांनी झाडं लावली, राखण केली, सीताफळं विकली. सरकारचा खोटा हिरवा रंग गावानं घाम गाळून खरा केला.

आता कामाचं. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या लष्करानं आपल्याच सर्वेक्षणावरून भारताची शीटं छापली, ती आज इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. आपल्या लोकांना मात्र आपल्याच भागाच्या नकाशासाठी वर्षानुवर्षं कचेऱ्या झिजवाव्या लागल्या. आता ड्रोननं गावठाणं मोजून घराघराला मिळकत पत्रिका देणं चालू आहे. ड्रोन गावठाणाच्या रेघेपर्यंत मोजतो. रेघेबाहेर ई-क्लासवर वसलेल्या आपल्या वस्तीचं काय, हे मोजणीच्या दिवशीच विचारा. मोजणी झाल्यावर विचारणं म्हणजे प्रेत जळाल्यावर डॉक्टर बोलावणं.

जुनी शीटं मिळवा. बाजूला कोरा कागद ठेवा. त्यावर म्हाताऱ्या बायांकडून विहिरी काढून घ्या आणि प्रत्येक विहिरीपुढं लिहा: पाणी कोण भरत होतं, कोणाला बंदी होती, कधी उठली. दोन्ही कागद एकाच फायलीला लावा, आणि ती फाईल ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. ज्यांना ती ऐकवत नाही, त्यांची नावंही लिहून घ्या.

जय भीम.