सेलियाचं पाडस

स्पेनच्या पिरेनीज डोंगरात बुकार्दो नावाची रानबकरी राहायची. शिकारीमुळे ती संपत गेली. शेवटची मादी उरली, तिचं नाव सेलिया. 2000 सालच्या जानेवारीत तिच्या अंगावर झाड कोसळलं आणि जातच संपली. पण आदल्या वर्षी शास्त्रज्ञांनी तिच्या कानाच्या कातडीतल्या पेशी घेऊन गोठवून ठेवल्या होत्या. त्यांतून गर्भ घडवून ते पन्नासहून अधिक इतर बकऱ्यांच्या पोटात ठेवले. जन्माला आलं एकच पाडस, 30 जुलै 2003 रोजी. फुप्फुसात दोष होता. धाप लागून ते काही मिनिटांतच गेलं.

समजा, ते जगलं असतं. सेलियाच्या पेशींतून मादीच जन्मणार, आणि नर तर कुठेच नव्हता. कोणता कडा चढायचा, हिवाळ्यात कुठे उतरायचं, हे तिला शिकवणारा कळप कुठून आणणार?

हे विज्ञान थांबवावं असं मी म्हणणार नाही. त्याने आधी जिवंत असलेल्यांकडे यावं, एवढंच मनापासून वाटतं. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे, पण तिथे आज माळढोक दिसणंच दुर्मीळ झालंय. राजस्थानात जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात 2024 साली कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पिल्लू जन्मलं. प्रयोगशाळेचं असं कौशल्य मला हवंय. आणि त्या पिल्लांना सोडायला गवताळ माळही हवेत, विजेच्या उघड्या तारा नसलेले.