उरलेल्याचा कारभार

मंगळवार पेठेतील तालमींत पहाटे घाम गाळणाऱ्या पोरांना देहाचे बळ दंडाच्या घेरावरून मोजण्याची सवय असते, आणि ती गैरही नव्हे. परंतु १८६९ साली हायडेलबर्ग येथे गुस्ताव सिमोन या शल्यविशारदाने एका स्त्रीचे एक मूत्रपिंड काढले व ती तरली, तेव्हापासून वैद्यकास ठाऊक झालेले बळ निराळेच आहे. जोडीदार जाताच उरलेल्या मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या सूक्ष्म धमन्या सैलावून ओघ वाढवतात. सुमारे १० लक्ष गाळण्यांची संख्या मात्र तेवढीच राहून त्या केवळ थोरावतात, आणि काही आठवड्यांत दोघांच्या कारभाराचा सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा एकट्याच्या अखत्यारीत येतो. रक्तदाब चढो वा उतरो, विशिष्ट मर्यादेत याच धमन्या आकुंचन-प्रसरण पावून ओघ स्थिर राखतात. ती मर्यादा सुटू नये म्हणून मूत्रपिंडदात्याने दरसाल रक्तदाब तपासून घ्यावा, हे उत्तम.